बेळगावातून पहिल्यांदा स्कीइंगला जायचंय? जागा कशी निवडायची ते सांगतो

डिसेंबर लागला की आमच्याकडं तेरा-चौदा डिग्रीतच लोकं कानटोपी घालून फिरायला लागतात, खडेबाजारात स्वेटरचे ढीग लागतात, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी मोबाईलवर बर्फात घसरणारा माणूस दिसतो आणि मला फोन येतो, "ओ, तुम्ही जाऊन आलाय न्हवं, मनालीला जाऊ की गुलमर्गला?" आता मी काय स्कीइंगचा उस्ताद नाही. उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे माझं, लेथ आणि मिलिंगमध्ये निम्मं आयुष्य गेलं. पण तीनदा बर्फावर जाऊन आलोय, त्यातली पहिली खेप सरळ पाण्यात गेली, म्हणून तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

ती पहिली खेप आधी ऐका. नाताळची सुट्टी, मनालीची पॅकेज टूर, आणि ट्रॅव्हलवाल्याच्या कागदावर ठळक छापलेलं "सोलंग व्हॅली स्कीइंग". पोचलो तर नुसता माळ, पिवळं गवत, आणि सावलीच्या एका कोपऱ्यात लग्नाच्या मांडवाएवढा मळकट बर्फ. तिथं एका पोरानं माझ्या पायात फळ्या अडकवल्या, हात धरून वीसेक फूट ओढत नेलं, फोटो काढला आणि म्हणाला हो गया सर, नेक्स्ट. झालं स्कीइंग. परत आल्यावर ट्रॅव्हलवाल्याला विचारलं तर तो म्हणतो बर्फ काय माझ्या हातात आहे काय. राग आला, पण खरं बघायला गेलं तर चूक माझीपण होती, कारण मी जागा निवडली ती नाव बघून, आणि तारीख निवडली ती पोरांची सुट्टी बघून.

सगळे जण डोंगराचं टोक बघून जागा ठरवतात. गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणारी बंद केबिन, किती उंच जाते, वरून काय दिसतं, व्हिडिओ किती भारी येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या टोकाचा काही उपयोग नाही ओ. तुमचे पहिले तीन-चार दिवस जाणार ते अगदी पायथ्याच्या शंभर-दीडशे मीटरच्या उतारावर, तो उतार चांगला तर ट्रिप चांगली. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही घरातून निघून परत येईपर्यंत बर्फावर प्रत्यक्ष किती दिवस उभे राहणार. या दोन गोष्टींवर जागा ठरवायची, बाकी सगळं नंतर.

आधी दिवसांचं घेतो, कारण आपण बेळगावचे, आपले निम्मे दिवस रस्त्यातच जातात. सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्लीची फ्लाइट सोयीच्या वेळेला मिळाली तर उत्तम, नाहीतर गोव्याहून, नाहीतर गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, म्हणजे साधारण दीड दिवस ट्रेनमध्येच. दिल्लीतून पुढं श्रीनगरला विमानानं दीड तासात पोचता आणि तिथून गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर. उत्तराखंडातल्या औलीला जायचं तर डेहराडूनपर्यंत विमान आणि नंतर अख्खा दिवस घाटरस्ता, ऋषिकेशपासून औलीच्या खालचं जोशीमठच अडीचशे किलोमीटर आहे, आणि हा रस्ता म्हणजे आपल्या चोर्ल्यासारखा तासाभरात संपणारा घाट नव्हे. मनालीला दिल्लीहून रात्रभर बस. आता नऊ दिवसांची रजा धरा, शनिवार-रविवार पकडून. गुलमर्गला जाण्यायेण्यात चार दिवस गेले तरी पाच दिवस बर्फावर मिळतात. औलीला चारच, आणि रस्ता बंद पडला तर तीन.

पाच आणि तीन यात एवढा काय फरक, असं वाटेल. खूप आहे. पहिला दिवस बूट घालणं, उभं राहणं आणि पडणं यातच जातो. दुसऱ्या दिवशी ब्रेक लावायला यायला लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग इतकं दुखतं की परत जावंसं वाटतं, आणि त्याच दिवशी दुपारी अचानक पहिलं वळण जमतं. खरी मजा चौथ्या दिवशी. त्यामुळं दोन दिवसांचं "स्कीइंग पॅकेज" घेणारा माणूस फक्त पडल्याच्या आठवणी घेऊन येतो आणि आयुष्यभर सांगतो की स्कीइंग काय आपल्याला जमत नाही. माझ्या भाच्याचं हेच झालं, खानापूरचा तगडा पोरगा, रोज मैदानावर, पण दुसऱ्या दिवशीच परतीचं तिकीट होतं त्याचं.

आता कधी जायचं. काश्मिरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात, सगळ्यात कडक थंडी तेव्हाच. म्हणून वाटतं की बर्फ तेव्हा असणारच. पण आपल्याकडं मृग निघाला म्हणजे पाऊस आलाच असं असतंय काय? तिथला बर्फ येतो पश्चिमी विक्षोभानं, म्हणजे भूमध्य समुद्राकडून जे पावसाळी वारे सरकत येतात त्यांच्यावर सगळा खेळ, ते आले नाहीत तर थंडी असते पण बर्फ नसतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, लोकं तपकिरी गवताचे फोटो टाकत होते, आणि बर्फ पडला तो महिनाअखेरीपासून पुढं. २०२५ ला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीत होणार होता, बर्फ कमी म्हणून तो पुढं ढकलून मार्चमध्ये घेतला. म्हणजे सरकारी स्पर्धेची तारीख चुकते तिथं आपलं नाताळचं पॅकेज कुठं टिकणार. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा. तोवर बर्फाचा थर साचलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो, ऊन बरं असतं. मार्चचा पहिला आठवडापण चालतो, फक्त तेव्हा सकाळी बर्फ रात्रभर गोठून काचेसारखा कडक असतो आणि दुपारी गोळ्यातला बर्फ होतो, मधले दोन-तीन तासच चांगले.

अडचण अशी की फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडं परीक्षांचा सीझन, एसएसएलसी किंवा पीयूसीचं, म्हणजे दहावी-बारावीचं, पोरगं घरात असेल तर विषयच संपला. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ म्हणाल तर मे महिन्यात शिकण्याचा बर्फ भारतात नाही, वरती उंचावर कुठंतरी उरलेला असतो तो फोटोपुरता. त्यामुळं ज्या वर्षी घरात बोर्डाची परीक्षा नाही ते वर्ष धरा आणि लहान पोरांची शाळा आठवडाभर बुडवा, मुख्याध्यापक काय फाशी देत नाहीत.

आता तो पायथ्याचा उतार. हा चांगला की वाईट हे घरी बसून कसं ओळखायचं? व्हिडिओ बघा, पण स्की करणाऱ्याकडं बघू नका, उतार संपतो तिथं काय आहे ते बघा. खाली लांब सपाट पट्टा असला पाहिजे, नाहीतर थोडा चढ, म्हणजे ब्रेक लागला नाही तरी माणूस आपोआप थांबतो. खाली रस्ता, झाडं, तारेचं कुंपण, चहाची टपरी असलं काही असेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही. पहिल्या दिवशी तुम्ही ब्रेक नसलेली बैलगाडी असता हे लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे उतारावर वर न्यायची काय सोय आहे. सरकता पट्टा असतो, त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात, नवख्यासाठी सगळ्यात सोपा. नाहीतर ड्रॅग लिफ्ट, म्हणजे वरून फिरणाऱ्या दोराला लोंबणारी दांडी, ती धरून स्की पायात ठेवूनच वर ओढून घ्यायचं. काहीच नसेल तर स्की खांद्यावर मारून चालत चढायचं, आणि अडीच हजार मीटरवर ते बूट घालून चढणं म्हणजे पोतं घेऊन राजहंसगड चढल्यासारखं. लिफ्ट असेल तर तासाला दहा-बारा खेपा होतात, चालत चार. शिकणं खेपांवर असतं, तासांवर नसतं.

तिसरं, बर्फ दाबून सपाट केलेला आहे की नाही. गुलमर्गची पावडर जगात फेमस आहे म्हणून लोकं सांगतात, परदेशातनं माणसं त्यासाठी येतात, खरं आहे ते. पण मांडीएवढ्या भुसभुशीत बर्फात नवखा माणूस नुसता रुततो, पडला की उठता येत नाही, एक स्की निघून बर्फात गायब होते ती शोधण्यात अर्धा तास जातो. आपल्याला लागतो मशीननं दाबलेला बर्फ. युरोपात उतारांना रंग असतात, हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, काळा. आपल्याकडं त्या पाट्यांच्या भरवशावर राहू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवा.

मग आता एकेक जागा घेऊ.

सोलंग पटकन संपवतो. मनाली फिरायला जाणारच आहात आणि एक दिवस बर्फात खेळायचंय, तर सोलंग ठीक, पण त्याला स्कीइंग शिकणं म्हणू नका. गर्दी, घोडे, ट्यूबवर बसून घसरणारे, मधूनच बर्फावरची स्कूटर, सगळं एकाच उतारावर. तिथं बर्फ नसेल तर टॅक्सीवाले अटल बोगद्यातनं पलीकडं लाहौलला, सिस्सूला नेतात, ९ किलोमीटरचा तो बोगदा बघण्यासारखा आहे, पलीकडं बर्फपण असतो, पण तुमच्या शिकण्याची सोय तिथं नाही. अपवाद एकच, मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचे, म्हणजे अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाच्या संस्थेचे, स्कीचे कोर्स असतात. तिथं नंबर लागला तर डोळे झाकून जा, पण ती शिस्तीची ट्रेनिंग आहे, बायकापोरांची सहल नव्हे.

औली मला मनापासून आवडतं. समोर ७,८१६ मीटरचा नंदादेवी, रुंद उतार, आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, जवान इथंच स्की शिकतात, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथं झाल्या. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, राहणं, जेवण, सामान, शिकवणारा सगळं एकात, एकट्यानं जाणाऱ्या विद्यार्थ्याला हिशोबात बसणारं. पण दोन गोष्टी आहेत. एक, जानेवारी २०२३ ला जोशीमठला जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हा जोशीमठ-औली रोपवे बंद झाला, त्यामुळं वर जायचं ते पंधरा-एक किलोमीटरच्या रस्त्यानं असंच धरून चाला, आणि जोरात बर्फ पडला की तोच रस्ता बंद होतो. गावाचं नाव आता ज्योतिर्मठ केलंय, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, घाबरू नका. दुसरी गोष्ट, बर्फाचा भरवसा. कृत्रिम बर्फाची मशीन आहेत तिथं, पण त्यांनापण हवा शून्याखाली लागते, उबदार हिवाळ्यात ती काय करणार. बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा रद्द झालेल्या आहेत. त्यामुळं औली म्हणजे ज्याच्याकडं वेळ आहे आणि तारीख हलवता येते त्याच्यासाठी.

राहिलं गुलमर्ग. माझ्या मते बेळगावहून जाणाऱ्या फॅमिलीला पहिल्यांदा हेच. गाव आहे २,६५० मीटरवर, म्हणजे बर्फ टिकण्याइतकं उंच, आणि नवख्यांचे उतार गावातच, गोंडोलाच्या खालच्या स्टेशनाजवळ, ड्रॅग लिफ्ट आहेत, हॉटेलातून बूट घालून चालत पोचता येतं. ही शेवटची गोष्ट किती मोठी आहे ते पहिल्या दिवशी दुपारी कळतं, जेव्हा एखाद्याला बाथरूमला जायचं असतं, एखाद्याला थंडी वाजून येते, आणि आई म्हणते मी खोलीवर बसते तुम्ही खेळा.

गोंडोलाचे दोन टप्पे, पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरला. नवख्यानं पहिले तीन दिवस गोंडोलाचं स्कीसाठी तिकीट काढूच नये, पैसे फुकट. एक दिवस बघायला म्हणून पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन या, तिकीट आधी ऑनलाइन काढा, तिथं जाऊन मिळत नाही. दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत खाली येतात ते सगळं मोकळ्या डोंगरावर, तिथं हिमस्खलन होतं, तरबेज परदेशी स्कीवाले मेलेत तिथं. कुणी म्हणालं चलो सर मैं ले जाता हूँ, तर हात जोडायचे. गाडीतून उतरल्या उतरल्या असे दहा जण गराडा घालतात, गाईडशिवाय गोंडोलात सोडत नाहीत म्हणून सांगतात. मी पहिल्यांदा फसलो आणि पैसे मोजले. गाईडची सक्ती नाही, सरळ रांगेत जाऊन उभं राहायचं.

थोडं विषयांतर. गुलमर्गला लष्कराचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, ते १९४८ मध्ये स्की स्कूल म्हणून सुरू केलं ते लष्करातल्या जनरल थिमय्यांनी, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या कोडगूच्या माणसानं. आणि आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीचे, इथंच बेळगावच्या कॅम्पात ट्रेनिंग झालं आणि नोकरीची बरीच वर्षं काश्मीरच्या बर्फात काढली. मी पहिल्यांदा गुलमर्गचं बुकिंग केलं तेव्हा मामा हसून हसून बेजार, म्हणाले आम्हाला सरकारनं फुकट नेलं तरी आम्ही रडत होतो, आणि तू पैसे देऊन चाललास.

पासपोर्ट असेल तर अल्माटीचा विचार करा, कझाकस्तान. भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दिल्लीहून थेट विमानं असतात, आणि शिम्बुलाक नावाचा रिसॉर्ट शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, मेदेऊच्या स्केटिंग मैदानाजवळून गोंडोला थेट वर २,२६० मीटरला नेते. दाबलेले उतार, नवख्यांचा पट्टा, सामान भाड्यानं, सगळं शिस्तीत. तोटा एवढाच की भाषा रशियन नाहीतर कझाक, त्यामुळं इंग्रजी बोलणारा शिकवणारा आधीच ठरवून घ्यावा लागतो, आणि शाकाहारी माणसाचे हाल. जॉर्जियातलं गुदौरीपण चांगलं म्हणतात सगळे, पण व्हिसाचे नियम नीट वाचून घ्या. आणि दुबईच्या मॉलमध्ये २००५ पासून घरातला उतार आहे, चारशे मीटरचा. कुणी नातेवाईक तिथं असेल आणि जाणार असालच, तर दोन तासांचा एक क्लास तिथं घ्या, बूट काय प्रकार असतो ते कळतं, मग गुलमर्गला पहिला दिवस वाचतो.

शिकवणारा कसा शोधायचा? हॉटेलवाला सांगेल तो पहिलाच माणूस धरू नका. त्याला तीन प्रश्न विचारा: एका वेळी किती जण शिकवतोस, सामान कुणाचं, आणि पहिल्या दिवशी कुठल्या उतारावर नेणार. तिसऱ्याला "जहाँ आप बोलो" म्हणाला तर तो नको. चार जणांना एक इथपर्यंत ठीक, आठ जणांना एक म्हणजे तुम्ही दिवसभर रांगेतच उभे. सुट्ट्या माणसापेक्षा कोर्स हवा असेल तर गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहणाची संस्था आहे, तिच्या कोर्सच्या तारखा सीझनच्या आधीच बघून ठेवा, जागा भराभर भरतात.

मला जो शिकवायला होता तो पंचविशीतला पोरगा, फार कमी बोलायचा. ब्रेक शिकवताना म्हणाला "पिझ्झा बनाओ सर". म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा बाहेर, भाकरीचा चतकोर असतो ना तसा आकार, आणि टाचा जेवढ्या बाहेर ढकलाल तेवढा वेग कमी. चोर्ला घाट उतरताना आपण दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवतो, ब्रेकवर उभे राहत नाही, तसंच हे, आधीपासून धरून ठेवायचं, वेग वाढल्यावर नव्हे. तेवढं पटकन डोक्यात बसलं. पण ड्रॅग लिफ्टला मी माती खाल्ली. दांडी पायात आली की माणूस आपोआप तिच्यावर बसायला जातो, स्टूल असल्यासारखा. मी बसलो, दांडी खाली गेली, मी आडवा, आणि मागून येणारी आठ-नऊ वर्षांची काश्मिरी पोरगी मला वळसा घालून निवांत वर गेली. "बैठना नहीं सर, खड़े रहो, उसको खींचने दो." पडलात तर दांडी सोडून लगेच बाजूला लोळायचं, मागं माणसं असतात.

आता बूट, इथं मला कारागीर म्हणून बोलू द्या, कारण निम्म्या लोकांची ट्रिप बुटामुळं खराब होते आणि ते नाव बर्फाचं घेतात. स्कीच्या बुटाचा नंबर हा पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये असतो, त्याला मोंडो म्हणतात. घरीच भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, अंगठ्याच्या टोकाला खूण करा, स्टीलच्या पट्टीनं मोजा, दोन्ही पाय, मोठा येईल तो आकडा. साडेसव्वीस आला तर साडेसव्वीसचा बूट मागायचा, "आठ नंबर" म्हणू नका. घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं जराशी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागं सरकली पाहिजेत. टाच उचलून बघा, उचलली तर त्या बुटात प्ले आहे, बदलून घ्या, बेअरिंग ढिलं बसवल्यासारखं होतं ते, तुम्ही पाय वळवता आणि स्की तिथंच राहते. भाड्यावाला म्हणेल जाड मोजे दो-दो पहन लो. नाही. एकच पातळ लांब मोजा. दोन मोज्यांनी रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही, मोज्याच्या वर ठेवायची, नाहीतर तिची शिवण दिवसभर नडगीत रुतते आणि रात्री लाल पट्टा दिसतो, माझा चार दिवस होता.

स्की घेताना उंचीनं तुमच्या हनुवटीपर्यंत येईल अशी, नाकाच्या वर नको. खालच्या लोखंडी कडेवर नख हलकं ओढून बघा, नखाचा पांढरा भुगा निघाला तर कड धारदार, नुसती घसरली तर बोथट, आणि गंज दिसला तर सरळ दुसरी मागा. मला तर भाड्याच्या दुकानात कानस मागून दोन हात मारावेसे वाटत होते, बायकोनं डोळे वटारले म्हणून गप बसलो. बाइंडिंग, म्हणजे बूट जिथं अडकतो ती जागा, तिच्यावर छोट्या खिडकीत आकडा असतो, पडल्यावर किती जोराला बूट सुटणार त्याचा. तो तुमचं वजन, उंची, वय, बुटाचा तळ बघून लावतात. वजन खरं सांगा. पाच-दहा किलो चोरलंत तर स्की उगीच सुटत राहील, आणि फुशारकीनं जादा घट्ट करून घेतलं तर पडताना ती सुटणार नाही आणि गुडघा जाईल. आकडा त्यांनाच लावू दे, पण स्क्रूड्रायव्हर लावताना समोर उभे राहा. हेल्मेट भाड्यानं घ्याच.

कपड्यांचा खर्च फार नाही. जीन्स घालून जाऊ नका, भिजली की फळीसारखी होते. जांबोटी-आंबोलीच्या पावसात वापरतो ती चांगली रेनपँट थर्मलवर चालते, फक्त प्लास्टिक गुळगुळीत असल्यानं पडल्यावर जरा जास्त घसरता. लोकरीचे हातमोजे बिनकामाचे, वॉटरप्रूफच लागतात. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं, माझी नाकाची साल गेली होती.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, आणि तिथं एकदम अडीच हजाराच्या वर, म्हणून एक रात्र श्रीनगरला काढा, ते सोळाशेच्या आसपास आहे. तिथं सकाळी हरीसा मिळतो, रात्रभर शिजवलेलं मटण, मांसाहारी असाल तर चुकवू नका. दुसऱ्या दिवशी गुलमर्गला चढा. डोकं दुखणं, मळमळ असलं काही झालं तर त्या दिवशी उतारावर जाऊ नका, कमी झालं नाही तर खाली उतरा. बर्फ जास्त असला की तंगमर्गच्या पुढचे तेरा किलोमीटर साखळ्या लावलेल्या नाहीतर फोर बाय फोर गाडीनंच जायचं, त्याचे वेगळे पैसे धरून ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, घरातलं एक तरी पोस्टपेड न्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना स्कीइंग त्यात धरलंय की नाही ते बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात.

निघायच्या आधी महिनाभर रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, एक मिनिट, मग दोन मिनिटं. मांड्या पेटतात. उतारावर नेमकं तेच होतं, म्हणून घरीच पेटवून घ्या. रविवारी येळ्ळूरच्या गडावर चालत चढून उतरायचं, उतरताना गुडघे वाकवून.

बुकिंग उलट्या क्रमानं करा. आधी शिकवणारा नाहीतर कोर्स, मग त्या उतारापासून चालत अंतरावर हॉटेल, मग तारीख हलवता येणारं विमान. निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलवाल्याला व्हॉट्सअॅपवर सांगा, आजच्या तारखेचा पेपर हातात धरून उताराचा व्हिडिओ पाठव. हसतात ते, पण पाठवतात. मी तेव्हापासून हे चुकवत नाही.

आणि कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, न्या अर्धा किलो, शिकवणाऱ्याला द्यायला. फक्त तो खोलीत खिडकीजवळ ठेवू नका, रात्रीत दगड होतो, आमचा सुरीनं तुटेना. मग हॉटेलच्या पोरानं कांगडीशेजारी, म्हणजे निखाऱ्यांच्या मडक्याशेजारी, डबा ठेवला, अर्ध्या तासानं चमचा शिरला.